नावेचं कॅनव्हास कव्हर: कापड किती आटणार ते आधी मोजा, मग कात्री लावा

मे महिन्यात कव्हर शिवून नावेवर टाकलं की कसं छान बसतं. सुरकुती नाही, झोळ नाही. जूनच्या पंधरवड्यात तेच कव्हर दुकानात परत येतं. दोन्ही बाजूंची दुमड नावेच्या कडेवर चढलेली असते, नाळेकडचं, म्हणजे नावेच्या पुढच्या बाजूचं, टोक उघडं पडलेलं असतं आणि कोपऱ्यातली दोन-तीन आयलेटं (दोरी ओवायच्या धातूच्या कड्या) कापडासकट उखडलेली असतात. "अण्णा, सुकं होतं तवा बसत होतं बघा," एवढंच मालक सांगतो, आणि ते खरंही असतं. चिक्कोडी, रायबाग, अथणीकडचा कृष्णाकाठ असो, दूधगंगेवरची नाव असो की हिडकल धरणाच्या पाण्यावरची मासेमारीची होडी, तक्रार हीच असते.

"पुढच्या वेळी दोन इंच जास्त धरू" असं शिवणारा म्हणतो आणि तिथेच पुन्हा चुकतो. कापड टक्क्यात आटतं, इंचात नाही. दोन इंच वाढ सहा फुटी नावेला कदाचित पुरेल, अठरा फुटीला पुरणार नाही. शिवाय लांबीत आणि पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, ते सारखं आटत नाही. खाली दिलेला क्रम मोडू नका. बहुतेक कव्हरं शिवण वाईट असल्यामुळे बिघडत नाहीत, पायऱ्या मागेपुढे झाल्यामुळे बिघडतात.

कामाला एप्रिलच्या मध्याला सुरुवात करा. नमुना तपासायलाच चार-पाच दिवस जातात, आणि कापड वाळवायला लागणारं खणखणीत ऊन मृग लागल्यावर मिळत नाही.

## १. हातातलं कापड कोणतं आहे ते ओळखा

सगळ्या जाड कापडाला बाजारात कॅनव्हास किंवा ताडपत्रीच म्हणतात. आटण्याच्या बाबतीत मात्र त्यांचे स्वभाव वेगळे आहेत.

कोरं सुती कॅनव्हास, म्हणजे मागावरून उतरलेलं, खळ तशीच असलेलं, सगळ्यात जास्त आटतं. पहिल्या भिजण्यात लांबीला ५ ते १० टक्के जाऊ शकतात. मेण किंवा तसाच लेप दिलेलं पाणीरोधक सुती कॅनव्हास कमी आटतं आणि उशिरा आटतं. लेपामुळे सुरुवातीला पाणी आत शिरत नाही, म्हणून ते आटतच नाही असं वाटतं. दोन-चार पावसांनी लेप मुरला की ते आटायला लागतं. सुती-पॉलिस्टर मिश्र कापड या दोघांपेक्षा बरं. निव्वळ पॉलिस्टर, रंगीत अॅक्रिलिक आणि ट्रकवर दिसणारी पीव्हीसी ताडपत्री पाण्याने जवळपास आटत नाहीत. पीव्हीसी मात्र वर्षानुवर्षं उन्हात राहून कडक होते आणि थोडी आखडते.

धागा सुती आहे की नाही हे कळत नसेल तर काठातून एक धागा ओढून जाळून बघा. सुती धाग्याला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

सावधान: "आटलेलंच आहे, डोळे झाकून कापा," असं दुकानदार म्हणाला तरी नमुना तपासा. असंच सांगून मला विकलेला एक तागा ६ टक्के आटला होता. तेव्हापासून मी ठाण बदललं की नमुना नव्याने काढतो, रंग आणि जाडी तीच असली तरी.

## २. नमुना भिजवा: सगळ्यात महत्त्वाची पायरी

आधी ताणा आणि बाणा ओळखा. काठाला समांतर जातो तो ताणा, या काठापासून त्या काठापर्यंत जातो तो बाणा. बेळगावच्या शहापूर-वडगावातल्या विणकर घरात कोणालाही विचारा, मागावर ताण्याला सतत ओढ असते. कापड भिजलं की ही कोंडलेली ओढ सुटते. त्याच वेळी सुताचे तंतू पाणी पिऊन फुगतात, धागा जाड होतो, आणि जाड धाग्याला वळसा घालताना दुसऱ्या धाग्याची लांबी खर्ची पडते. म्हणून कापड आखूड होतं, आणि बहुतेक वेळा बाण्यापेक्षा ताण्यात जास्त होतं.

नमुना असा घ्या:

ठाणाच्या टोकापासून एक मीटर सोडून ६० बाय ६० सेंटीमीटरचा तुकडा कापा. ताण्याच्या दिशेने बाणाची खूण काढून "ताणा" लिहा, नाहीतर भिजल्यावर कोणती बाजू कोणती हे कळत नाही. कापलेल्या कडेपासून कडेपर्यंत मोजू नका, कड उसवते. आतल्या बाजूला, न पुसणाऱ्या शाईने, बरोबर ५० सेंटीमीटर अंतरावर खुणा करा. ताण्याच्या दिशेने तीन जोड्या, बाण्याच्या दिशेने तीन जोड्या. इथे इंचाची टेप बाजूला ठेवा. १९ पूर्णांक ११ सोळांशचे टक्के काढताना हमखास चूक होते. पन्नासातून जेवढे सेंटीमीटर कमी झाले त्याची दुप्पट केली की टक्का मिळतो.

तुकडा बादलीत घालून वर वजन ठेवा आणि रात्रभर बुडवा. लेप असलेलं कापड दहा मिनिटं बुडवून काही उपयोग नाही, पाणी मोत्यासारखं वरच्यावर राहतं. पाणी साधं, गार, साबणाशिवाय.

पिळू नका. दोरीवर टांगू नका, ओल्या कॅनव्हासच्या स्वतःच्याच वजनाने ते ताणलं जातं आणि आकडा खोटा येतो. गच्चीवर आडवं पसरा, तळहाताने फक्त सुरकुती मोडा. इस्त्री नको.

पूर्ण वाळल्यावर मोजा, पुन्हा भिजवा, पुन्हा वाळवा. असं तीनदा करा. पहिल्या फेरीत ५ टक्के, दुसऱ्यात एकूण ६, तिसऱ्यात काही फरक नाही, असं चित्र नेहमी दिसतं. आकडा थांबला की तोच शेवटचा आकडा धरायचा.

समजा ताण्याच्या तीन खुणा ४६.९, ४७.० आणि ४७.१ आल्या. सरासरी ४७, म्हणजे ६ टक्के. बाण्याच्या तिन्ही ४८.५ च्या आसपास आल्या, म्हणजे ३ टक्के. हे दोन आकडे ठाणावरच खडूने लिहून ठेवा.

तपासणी: तुकडा खरंच वाळला का? गालाला लावा, गार लागला तर ओल आहे. त्याहून पक्की खूण म्हणजे वजन. भिजवण्याआधी किराणा काट्यावर तुकडा तोला आणि वाळल्यावर पुन्हा तोला. वजन आधीइतकं, किंवा खळ गेल्यामुळे किंचित कमी, आलं तरच मोजा. खानापूरकडच्या दमट हवेत जुलैमध्ये सुती कापड पूर्ण वाळत नाही. तिथे पावसाळ्यात काढलेल्या नमुन्यावर मी विश्वास ठेवत नाही.

## ३. एकच वाट निवडा

आटण्याची सोय दोन प्रकारे होते. एक, अख्खं कापड आधी आटवून घ्यायचं आणि मग मापात कापायचं. दुसरी, कापड आहे तसं ठेवून आटेल तेवढं जास्त कापायचं.

कोऱ्या सुती कॅनव्हासला पहिली वाट उत्तम. लेप असलेल्या कापडाला दुसरी, कारण अख्खं ठाण दोन-तीनदा बुडवल्याने लेप कमजोर होतो आणि घड्यांच्या रेघा राहतात.

सावधान: दोन्ही एकत्र करू नका. कापड आटवून घेतल्यावर वर पुन्हा ६ टक्के वाढवले की कव्हर ढगळ होतं, मध्ये झोळ पडतो आणि त्यात पाणी साठतं. एक चौरस मीटर जागेत सरासरी ५ सेंटीमीटर पाणी म्हणजे ५० किलो वजन. ते खालचं आढं, म्हणजे कव्हरला मधोमध उचलून धरणारा आडवा बांबू, वाकवतं आणि शिलाई उसवतं. तोकड्या कव्हरइतकीच ढगळ कव्हरंही या एका घोटाळ्यामुळे बिघडलेली मी पाहिली आहेत.

आधी आटवायचं असेल तर कापड घट्ट गुंडाळी करून बुडवू नका, आतल्या थरात पाणी जात नाही. सैल चुणीत रचून हौदात किंवा मोठ्या टाकीत रात्रभर ठेवा. ५०० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाचं, ९० सेंटीमीटर पन्ह्याचं २० मीटर कापड सुकं ९ किलो भरतं, भिजून दुपटीच्या वर जातं, तेव्हा काढायला दोन माणसं हवीत. नदीत भिजवायला नेऊ नका, गाळ धाग्यात बसतो. वाळवताना अर्धं उन्हात आणि अर्धं सावलीत नको. भिजवणं-वाळवणं दोनदा तरी व्हावं. शेवटी अख्ख्या कापडावरच एक मीटरची खूण करून आणखी एकदा भिजवून बघा. फरक १ टक्क्याच्या आत आला की कात्री लावायला हरकत नाही.

## ४. नावेचं माप घ्या

माप नावेचं घ्यायचं नसतं, कव्हर ज्या वाटेने जाणार त्या वाटेचं घ्यायचं असतं. आधी आढं बसवा. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत बांबू किंवा पाइप, नावेच्या कडेपेक्षा निदान दीड फूट उंच. उतार नसलेलं कव्हर कितीही मापात शिवलं तरी पाणी धरतं.

मग न ताणणारी सुतळी या कडेच्या खालून वर आढ्यावरून त्या कडेच्या खालीपर्यंत टाका. दर दोन फुटांवर असं माप घ्या. नाळेकडे नाव निमुळती होते, तिथे दर एक फुटावर. सुतळी सैल ठेवा, बोट जाईल इतकी. इंजिन, वल्ह्याचे खुंट, दिव्याचा दांडा यांच्या जागा कागदावर टिपून ठेवा.

## ५. हिशेब: गाडी इथेच घसरते

हा हिशेब जास्त कापण्याच्या वाटेचा आहे; कापड आधीच आटवून घेतलं असेल तर यातलं टक्क्यांचं सोडून द्या. समजा तयार कव्हरचा घेर, म्हणजे एका बाजूच्या कडेखालून दुसऱ्या बाजूच्या कडेखालीपर्यंत, २६० सेंटीमीटर हवा आणि लांबी ५६०. दुमड प्रत्येक बाजूला ६ सेंटीमीटर.

आधी दुमड मिळवा, मग आटणं काढा. दुमडीचं कापडही आटतं. २६० अधिक १२ म्हणजे २७२.

मग भागाकार करा, गुणाकार नको. कापड ६ टक्के आटतं म्हणजे कापलेल्या लांबीतले ९४ टक्के उरतात. २७२ भागिले ०.९४ म्हणजे २८९.४, आपण २९० धरू. पुष्कळ जण २७२ मध्ये त्याचे ६ टक्के मिळवतात, ते २८८.३ येतं. सहा टक्क्यांवर हा फरक सेंटीमीटरभर आहे, पण १० टक्के आटणाऱ्या कापडात तीन सेंटीमीटर होतो.

टक्का त्याच दिशेचा घ्या. आता प्रश्न येतो पट्टे कोणत्या दिशेने टाकायचे. माझं मत स्पष्ट आहे: पट्टे नावेला आडवे, या कडेकडून त्या कडेकडे टाका. मग शिलाया उताराच्या दिशेने जातात आणि पाणी शिलाईवर अडत नाही. पण याचा अर्थ असा की ताणा नावेच्या घेरात येतो आणि बाणा नावेच्या लांबीत. म्हणजे घेराला ६ टक्के, लांबीला ३ टक्के. "लांबी जास्त आटते" एवढंच डोक्यात ठेवून लोक नावेच्या लांबीला ६ टक्के लावतात. उलट झालं तर काय होतं बघा: २७२ भागिले ०.९७ म्हणजे २८०.४ कापलं, आटून २६३.६ उरलं. जवळपास साडेआठ सेंटीमीटर गेले, दुमडीतला बहुतेक भाग संपला. आणि अंदाजाने दोन इंच धरणाऱ्याचं? २७७ कापलं, २६०.४ उरलं. दुमडायला कापडच राहिलं नाही.

लांबीसाठी पट्टे मोजूया. पन्हा ९० चा असेल तर आटल्यावर ८७.३ उरेल. दीड सेंटीमीटर रुंदीच्या दुहेरी दुमड शिलाईत दर जोडाला साडेचार सेंटीमीटर कापड जातं: दोन्ही पट्ट्यांची दुमड आणि वर त्यांचा एकमेकांवरचा थर. लांबी ५६० अधिक दुमड १२ म्हणजे ५७२. सात पट्टे घेतले तर ६११ मधून सहा जोडांचे २७ वजा, ५८४ उरतात. पुरेसं आहे, १२ सेंटीमीटर शिल्लक. सहा पट्ट्यांत काम होणार नाही. सात पट्टे, प्रत्येकी २.९० मीटर, म्हणजे २०.३ मीटर. कोपऱ्यांच्या ठिगळांसाठी वर एक मीटर, नमुन्यासाठी आणखी एक.

तपासणी: हिशेब उलटा करून बघा. २९० गुणिले ०.९४ म्हणजे २७२.६. त्यातून दुमडीचे १२ वजा, २६० च्या जवळ आलं ना? कात्री लावायच्या आधी हा उलटा हिशेब प्रत्येक वेळी करा.

## ६. कापणी

सगळे पट्टे एकाच दिशेने कापा. कापड वाचवायला एखादा पट्टा आडवा फिरवला तर तो शेजाऱ्यापेक्षा वेगळा आटतो आणि शिलाई लाटांसारखी होते. कोपऱ्याच्या ठिगळांनाही हाच नियम: त्याच ठाणातलं कापड, ताणा ताण्यावर. आटलेल्या जुन्या तुकड्याचं ठिगळ नव्या कापडाला लावलं की त्याभोवती कापड गोळा होतं.

काठ बघा. काही ठाणांचा काठ अंगापेक्षा घट्ट विणलेला असतो. नमुना भिजवताना काठाजवळचं कापड चुरगळलं असेल तर काठ कापूनच टाका.

## ७. शिवण

सुई जाड, १८ नंबर किंवा त्याहून मोठी. टाका लांब, साधारण ४ मिलिमीटर. बारीक टाक्याने कॅनव्हासला भोकांची रांग पडते आणि तिथूनच ते फाटतं.

दोऱ्याबद्दल वाद नेहमीचा आहे. निव्वळ सुती दोरा भिजून फुगतो आणि भोक बुजवतो, पण तोही आटतो आणि ओलीने लवकर कुजतो. पॉलिस्टर दोरा आटत नाही आणि उन्हात टिकतो. मी तंबूवाल्यांसारखा आत पॉलिस्टर आणि वर सूत असलेला दोरा घेतो. तो नसेल तर पॉलिस्टर. दोऱ्याची ओढ किंचित सैल ठेवा.

दुमडीतल्या दोरीकडे मात्र नीट लक्ष द्या. सुती दोरी किंवा सुंभ भिजला की आखडतो, कधी कधी कापडापेक्षा जास्त. मग दुमडीला चुण्या पडतात आणि कोपऱ्यावर सगळा ताण येतो. सुती दोरी वापरायची तर आधी दोनदा भिजवून वाळवा. सुती निवारीच्या पट्ट्यांनाही तेच. प्लास्टिकच्या दोरीला ही भानगड नाही.

## ८. दुमड आणि आयलेट शेवटी

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि तिनेच सगळ्यात जास्त कव्हरं वाचतात. जास्त कापण्याच्या वाटेने गेला असाल तर पट्टे जोडून झाल्यावर थांबा. दुमड घालू नका, आयलेट मारू नका. कव्हर नावेवर टाका, कडेला दगड किंवा पाण्याच्या बाटल्या सैल टांगून ठेवा, नळीने चिंब भिजवा आणि तिथेच वाळू द्या. लेप असलेल्या कापडाला सलग तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ भिजवा. वळवाची सर मिळाली तर आणखी चांगलं, ती खरी परीक्षा.

मग नावेवरच खडूने कडेची रेघ मारा आणि त्या रेघेवर दुमड घाला. हिशेबात सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरची चूक असली तरी इथे सुधारते.

आयलेट पितळी, दर ३० ते ४० सेंटीमीटरला एक, आणि प्रत्येकाखाली कापडाचे किमान तीन थर. भोक पाडताना आयलेटच्या नळीपेक्षा किंचित लहान पाडा.

सावधान: आधी आयलेट मारून मग कव्हर आटलं तर आयलेट नावेच्या खुंटांपासून सरकतात. लोक मग दोरी ओढून जुळवतात, आणि फाटायला तिथूनच सुरुवात होते.

## ९. बांधणी

पूर्ण आटलेलं सुती कॅनव्हाससुद्धा ओलं असताना तात्पुरतं ताठतं आणि वाळल्यावर सैल होतं. हे दर पावसाला होणारच. म्हणून कव्हर घट्ट बांधून ठेवू नका. आयलेट आणि दोरी यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा कापलेला वेढा घाला. कापड ताठलं की वेढा ताणला जातो, सैल पडलं की ओढून घेतो. पैसे लागत नाहीत, आणि आयलेट फाटण्याच्या तक्रारी निम्म्याने कमी झाल्याचा माझा अनुभव आहे.

गाठ ओढताच सुटणारी असावी. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरासारखं पाणी चढलं तर नाव क्षणात मोकळी करता आली पाहिजे, त्या वेळी अंधारात भिजलेली गाठ सोडवत बसायला वेळ नसतो.

पहिल्या मोठ्या पावसानंतर तीन गोष्टी बघा: कोपऱ्यातल्या आयलेटभोवती कापड लांबट ओढलं गेलंय का, आढ्याच्या दोन्ही बाजूंना कुठे पाणी थांबतंय का, आणि कव्हरची खालची रेघ कडेखाली सगळीकडे सारखी आहे का.

## आधीच आटलेलं कव्हर असेल तर

ओलं करून ओढून ताणू नका. वाळताना ते पुन्हा मागे जातं आणि शिलाई कमकुवत होते. दुमड उसवा आणि कडेने एक पट्टी जोडा. पट्टीचं कापड आधी पूर्ण आटवलेलं हवं, कारण जुनं कव्हर आता आणखी आटणार नाही. नव्या कोऱ्या कापडाची पट्टी लावली तर पुढच्या पावसात पट्टी आटेल आणि जोडाला चुण्या पडतील. पट्टी किमान १५ सेंटीमीटर रुंद ठेवा, म्हणजे दुमड आणि नवी आयलेट तिच्यातच बसतात. जुन्या आयलेटांची फाटलेली भोकं आतून ठिगळ लावून बुजवा.

पावसाळा संपल्यावर कव्हर काढाल तेव्हा ते कडकडीत वाळवूनच घडी घाला. ओलसर सुती कॅनव्हासला दोन-तीन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते मग धुऊन जात नाहीत. ठेवताना कव्हरच्या आतल्या बाजूला ठाणाचे दोन्ही टक्के शाईने लिहून ठेवा, उद्या पट्टी जोडायची वेळ आली तर पुन्हा नमुना शोधत बसावं लागणार नाही.